पहिल्यांदाच लहान मुलांचा वर्ग मिळालाय? पहिले १० दिवस काय करायचं ते सांगते

पहिली किंवा दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलाय, शाळा सुरू व्हायला चार दिवस उरलेत आणि पोटात गोळा आलाय, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. मी बरीच वर्षं लहान वर्गांनाच शिकवतेय आणि जवळजवळ दरवर्षी कोणीतरी नवीन शिक्षक येऊन विचारतो की पहिल्या दिवशी कुठला धडा घेऊ. अरे धडा घेऊच नका! पहिले ८-१० दिवस पुस्तक उघडलं नाही तर काही बुडत नाही, उलट जो वर्ग पहिल्याच दिवशी पुस्तकाला जुंपला जातो तिथे पुढे वर्षभर "बाई पाणी पिऊ?", "बाई ह्याने माझं रबर घेतलं" हेच चालू राहतं, कारण पाणी कधी प्यायचं आणि रबर हरवलं तर काय करायचं हे त्या मुलांना कोणी शिकवलेलंच नसतं. सुरुवातीच्या ॲक्टिव्हिटीजना बरेच जण टाइमपास समजतात. माझ्या मते तोच खरा अभ्यास आहे, फक्त तो आपला असतो, मुलांचा नाही. तीस-चाळीस अनोळखी पोरं आपल्याला दहा दिवसांत वाचायची असतात.

आदल्या दिवशी

वर्गात जा आणि मुलांच्या बाकावर बसा. अक्षरशः बसा, पहिल्या बाकावर, शेवटच्या, कोपऱ्यातल्या. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण ११५ सेंमी असते म्हणजे बसल्यावर त्याचे डोळे कुठे येत असतील बघा, म्हणून जरा खाली वाकूनच बघा. मग कळतं की खिडकीचा उजेड फळ्यावर असा पडतो की दोन बाकांना अर्धा फळा नुसता चकाकतो, किंवा आपलं टेबलच मधे येतं, किंवा दप्तर अडकवायच्या खुंट्यांपर्यंत निम्म्या मुलांचा हातच पोचणार नाही.

भिंती सजवत बसू नका. मी पहिल्या वर्षी दोन रात्री जागून चार्ट केले होते, सगळ्या भिंती भरून टाकल्या, आणि मुलांनी त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आता मी भिंती मुद्दाम रिकाम्या ठेवते. पहिल्या आठवड्यात मुलांची स्वतःची कामं लागतात आणि ती बघायला पोरं सुट्टीतसुद्धा भिंतीपाशी घुटमळतात.

नावांच्या पाट्या मात्र आदल्या दिवशीच करा. जाड कागद मधोमध दुमडून तंबूसारखा उभा करायचा आणि नाव दोन्ही बाजूंना लिहायचं, एक बाजू आपल्याला दिसते, दुसरी त्या मुलाला. नवीन लोक हमखास एकाच बाजूला लिहितात. कोपऱ्यात एक छोटं चित्र काढा (छत्री, मासा, पतंग काहीही), कारण सगळ्यांना वाचता येईलच असं नाही, पण "माझा मासा" सापडतो. गट करायचे असतील तरी नुसत्या रंगांवर करू नका, लाल आणि हिरवा यातला फरक न दिसणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, मुलग्यांमध्ये तर हे मुलींपेक्षा बरंच जास्त असतं, आणि त्या वयात ते बहुतेकदा घरीही लक्षात आलेलं नसतं. रंगाबरोबर आकार द्या, लाल गोल, हिरवा त्रिकोण, झालं काम.

हजेरीच्या यादीतली नावं दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. चुकीचं नाव एकदा तोंडात बसलं की निघत नाही, आणि मुलं आपल्याला सुधारतही नाहीत, निमूट "हजर" म्हणतात.

पहिला दिवस, पहिला अर्धा तास

मुलं सगळी एकदम येत नाहीत. काही वीस मिनिटं आधी, काही घंटा झाल्यावर, काही आईच्या पायाला चिकटून. त्यामुळे सगळे येईपर्यंत थांबू आणि मग सुरू करू असं ठरवलंत तर आधी आलेले तोवर बाकावर चढलेले असतात. प्रत्येक जागेवर आधीच एक कोरा कागद आणि चार खडू ठेवून द्या, आणि येईल त्याला एवढंच सांगा की स्वतःचं चित्र काढ. अख्खं, डोक्यापासून पायापर्यंत. यात वाचायचं काही नाही, चुकायचं काही नाही, आणि आपले हात मोकळे राहतात.

हे चित्र जपून ठेवायचंय, पण त्यावरून मूल हुशार की ढ हे ठरवू नका. माणसाच्या चित्रावरून मुलाची बुद्धी मोजायची एक टेस्ट फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये काढली होती, तेव्हापासून लोकांना हा मोह होतोय, पण पहिल्या दिवशी घाबरलेलं पोर बोटं काढायला विसरलं तर ते घाबरलंय एवढंच समजा. मी चित्रापेक्षा काढणाऱ्याकडे बघते. कोण लगेच सुरू करतं, कोण शेजारच्याचं बघून काढतं, खडू मुठीत धरलाय की बोटांत, कोणता हात, कागद नाकाला लावून कोण काढतंय (असं मूल दिसलं की त्याच्या घरी डोळे तपासायचं सांगायलाच हवं).

रडणाऱ्या मुलांबद्दल. पालकांनी गुपचूप सटकायचं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. "तिकडे बघ हां, चिमणी" म्हणून मागच्या मागे पळालं की दुसऱ्या दिवशी ते मूल आईचा हात सोडतच नाही, कारण आता त्याला माहितीये की नजर हटली की आई जाते. टाटा करायचा, परत कधी येणार ते सांगायचं, आणि जायचं. दारात दहा मिनिटं रेंगाळायचं नाही. "किती" वाजता हे त्या वयाला कळत नाही, "डबा खाल्ला, गोष्ट ऐकली की मग आई येणार" हे कळतं.

आणि हुंदके देणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन समजावत बसण्यापेक्षा काम द्या. एका वर्षी एक मुलगा तीन दिवस दप्तर छातीशी धरून बसायचा. खुंटीला अडकव म्हटलं की मिठी अजून घट्ट. चित्र काढताना पण दप्तर मधे, कागद त्याच्यावर. मी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हटलं की जा, सगळ्यांची दप्तरं खुंटीला लागलीत का मोजून ये. गेला. एकेका खुंटीला बोट लावून मोजली, आणि शेवटी रिकाम्या खुंटीपाशी थांबला, तिच्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, आणि अडकवून आला. "बाई, सगळी आहेत" म्हणाला. मी काही बोलले नाही, हजेरीत डोकं घातलं.

नावं पाठ करायची (आपणसुद्धा)

सोपा खेळ. गोल करून बसायचं, मऊ बॉल ज्याच्याकडे टाकायचा त्याचं नाव घेऊन टाकायचा, नाव आठवत नसेल तर विचारायचं. विचारण्यात लाज नाही हे आपण आधी करून दाखवायचं, दोन-तीन नावं मुद्दाम विचारायची. रोज दहा मिनिटं, तीन-चार दिवस. चौथ्या दिवशी पाट्या उलट्या करून ठेवायला सांगा आणि आपण सगळ्यांची नावं सांगायची, चुकलं की मुलांना प्रचंड आनंद होतो.

एक खेळ मात्र करू नका, तो लोकरीच्या गुंड्याचा. गोलात बसून नाव सांगत गुंडा एकमेकांकडे टाकायचा आणि मधे सुंदर जाळं तयार होतं, फोटोत फार छान दिसतं. मी ३८ मुलांबरोबर केला. पंधराव्या मुलापर्यंत दोघांनी दोरा बोटाला गुंडाळून बोट निळं करून घेतलं, एकाला शू लागली, तो उठला आणि त्याच्याबरोबर सगळं जाळं उठलं. शेवटी कात्रीने कापून पोरं सोडवावी लागली. दहा मुलांत ठीक असेल, मोठ्या वर्गात नको.

वर्गाच्या सवयी: याला सगळ्यात जास्त वेळ द्या

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून नवीन शिक्षक तोंडी सांगून पुढे जातात आणि पुढे पस्तावतात. "रांगेत या" हे वाक्य सहा वर्षांच्या मुलासाठी काहीच सांगत नाही. कोणाच्या मागे, किती अंतर, पुढचा थांबला तर काय, हात कुठे? करून दाखवायचं, मग दोन मुलांकडून करून घ्यायचं, मग सगळ्यांकडून, आणि बिघडलं तर न चिडता परत पहिल्यापासून. रोज. ज्या गोष्टी शिकवायच्या त्या अशा, याच क्रमाने म्हणेन मी: टॉयलेटला जायचं कसं आणि विचारायचं कसं (हे पहिल्या तासात, टॉयलेटपर्यंत सगळ्यांना नेऊन, नळ आणि कडी स्वतः उघडायला लावून, कारण कडी उघडत नाही या भीतीने मुलं दिवसभर दाबून बसतात), पाणी कधी प्यायचं, हात धुणं, दप्तर आणि डबा कुठे, रांग, काम लवकर झालं तर काय करायचं, आणि काही हरवलं तर काय करायचं. हात धुणं म्हणजे २० सेकंद साबणाने, आणि सहा वर्षांच्या मुलाला २० सेकंद म्हणजे काय ते कळत नाही म्हणून वीसपर्यंत सावकाश मोजायचं, मोजणीचा सरावही होतो.

टोकयंत्राचं वेगळं सांगायला हवं. कचऱ्याच्या डब्यापाशी पेन्सिलीला टोक करायला जायचं असा माझ्याकडे साधा नियम होता. एका वर्षी बघते तर तिथे कायम पाच-सहा जण, पेन्सिली संपत आलेल्या, टोकं मात्र कोणालाच नकोत. दोन दिवसांनी लक्षात आलं की अख्ख्या वर्गात उभं राहून गप्पा मारता येतील अशी तेवढी एकच जागा होती! तेव्हापासून दोन डबे भरून ठेवते, एकात टोक केलेल्या पेन्सिली आणि दुसऱ्यात मोडलेल्या, मोडली की बदलून घ्यायची, बस्स. आणि उभं राहून गप्पा मारायला वेगळा वेळ देते, त्याचं पुढे सांगते.

लक्ष वेधायला ओरडायचं नाही, एक खूण ठरवा. टाळीचा ठेका चालतो, आपण वाजवला की मुलं तोच परत वाजवतात, दोन्ही हात टाळीत अडकले की हातातलं आपोआप खाली ठेवलं जातं. घसा पण वाचतो, पहिल्या महिन्यात आवाज बसलेले नवीन शिक्षक मी इतके बघितलेत की काय सांगू. पण शेवटचं पोर शांत होईपर्यंत बोलायला सुरुवात करायची नाही, एकदा गडबडीत बोललात की खूण मेली.

नियम तीन किंवा चार, जास्त नको. आणि "पळू नका" ऐवजी "वर्गात चालायचं".

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद वर्गात उभं राहून थांबून बघा, युगासारखे वाटतात. मी मनात मोजते.

तिसऱ्या दिवसापासून ॲक्टिव्हिटीज

दातांचा तक्ता. माझी सगळ्यात लाडकी. सहाच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, बहुतेकदा खालचे पुढचे दोन आधी, आणि हा विषय काढला की गप्प राहणारं पोरही तोंड उघडतं, म्हणजे खरंच आ करून दाखवतं. मोठ्या कागदावर खाली ०, १, २, ३, ४ असे आकडे लिहायचे, प्रत्येक मुलाने एका चौकोनी चिठ्ठीवर दाताचं चित्र काढायचं आणि आपले जेवढे पडले त्या आकड्यावर एकावर एक चिकटवायचं. चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या हव्यात हे लक्षात ठेवा, नाहीतर रांगा खोट्या बोलतात. मग विचारा, सगळ्यात उंच रांग कोणती? एकही दात न पडलेले किती? दोनवाले तीनवाल्यांपेक्षा किती जास्त? आलेख हा शब्द न काढता आलेख झाला. ज्यांचा एकही पडलेला नाही ती मुलं हिरमुसतात, त्यांना सांगा की दुधाचे दात वीस असतात, तुझे वीसच्या वीस शिल्लक आहेत, तू सगळ्यात श्रीमंत. तक्ता काढून टाकू नका, महिन्याला एकदा चिठ्ठ्या हलवायच्या. वर्षभर पुरतो. मात्र हलणारा दात वर्गातच उपटायची स्पर्धा लागू शकते, ती पहिल्याच दिवशी बंद करा (विचारू नका).

उंचीची पट्टी. भिंतीला उभं करून प्रत्येकाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची, नाव घालून गुंडाळून ठेवायची. या वयात वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी उंची वाढते, वर्षाच्या शेवटी तीच पट्टी परत धरली की फरक डोळ्यांनी दिसतो. वर्गात उंचीनुसार लावून मात्र ठेवू नका, बुटक्या मुलाला वर्षभर बुटकं करून ठेवल्यासारखं होतं.

जोडीत गप्पा. हीच ती गप्पांची वेळ. एक प्रश्न द्यायचा, आधी एकट्याने गप्प बसून विचार, मग शेजाऱ्याला सांग, मग वर्गाला. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली आणि जगभर अजून चालते कारण यात सगळी मुलं बोलतात, नाहीतर हात वर करणारी तीच चार. माझी एक भर, वर्गाला सांगताना स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं उत्तर सांगायचं. मग ऐकावं लागतं. प्रश्न साधे ठेवा, तुला कशाची भीती वाटते वगैरे पहिल्या आठवड्यात नको, तुला काय छान जमतं हे विचारा. एकदा एक मुलगी उठून गंभीरपणे म्हणाली, "हिला कान हलवता येतात." आणि खरंच येत होते.

शाळेची फेरी करा, पण नुसती फिरवून आणू नका, "कानाने" करा. न बोलता चालायचं आणि परत येऊन ऐकलेले आवाज काढायचे.

खेळता खेळता तपासणी

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाकीचे चित्र रंगवत असताना एकेका मुलाला पाच मिनिटं जवळ बोलवा. लेखी परीक्षा घेऊ नका, काही कळत नाही त्यातून. एका कार्डावर तीन ठिपके पटकन दाखवून झाका, किती होते? तीन-चारपर्यंत न मोजता कळायला हवं. मग सात बटणं मोजायला द्या. तोंडाने शंभरपर्यंत धडाधड म्हणणारं मूल सात बटणं मोजताना एकच बटण दोनदा मोजतं, हे फार वेळा बघितलंय, म्हणजे त्याला गाणं येतं, मोजणी नाही.

मग पाच-पाच बटणांच्या दोन सारख्या ओळी लावा, सारखी आहेत ना विचारा, आणि त्याच्यासमोरच एक ओळ पसरून लांब करा. आता कुठे जास्त? जाँ पियाजेंचा हा प्रसिद्ध प्रयोग आहे. बरीच मुलं लांब ओळीत जास्त आहेत असं ठामपणे सांगतात. दुरुस्त करू नका, फक्त लिहून ठेवा, अशा मुलाला बेरीज-वजाबाकी शिकवायची घाई करायची नाही एवढं आपल्याला कळलं.

डावखुरी मुलं बघून ठेवा, साधारण दहात एक निघतं. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवा नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर मारामारी, आणि वही वरच्या बाजूने थोडी उजवीकडे कलती ठेवायला शिकवा म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. कात्रीही डावखुऱ्यांची वेगळी मिळते, साध्या कात्रीने त्यांना कापण्याची रेष नीट दिसत नाही आणि आपण म्हणतो हाताला वळण नाही.

वही ठेवा आणि घरी फोन करा

प्रत्येक मुलाला एक पान. रोज पाच मुलांबद्दल एकेक ओळ, जास्त नाही. आठवड्याच्या शेवटी पानं चाळा, ज्या मुलाचं पान कोरं आहे तेच मूल आपल्या नजरेतून सुटतंय. माझ्या वहीत कोरी राहतात ती पानं दंगेखोरांची कधीच नसतात, मधल्या बाकांवरच्या शहाण्या मुलींची असतात.

पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन, चांगलं काहीतरी सांगायला. शाळेतून फोन म्हणजे तक्रार हे पालकांना इतकं सवयीचं असतं की पहिलं वाक्य "काय केलं त्याने?" असंच येतं.

शेवटचे दोन-तीन दिवस

आता कामं वाटा. फळा पुसणं, पेन्सिलींचे डबे, झाडाला पाणी, दिवे-पंखे, पाट्या गोळा करणं. मॉनिटर एकटाच नको, लहान वर्गात तो दोन दिवसांत हवालदार होतो. कामं आठवड्याला बदला आणि सगळ्यांना मिळतील एवढी शोधून काढा, नसतील तर बनवा. माझ्याकडे "खुंट्या मोजणारा" हे पद त्या दप्तरवाल्या मुलापासून कायमचं आहे.

पुस्तकं दहाव्या दिवशी हळूच बाहेर काढा. त्याच दिवशी पहिल्या दिवसासारखाच कोरा कागद देऊन स्वतःचं चित्र परत काढायला सांगा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्यात कागदाच्या कोपऱ्यात एवढासा माणूस असतो, दुसऱ्यात बऱ्याचदा शेजारी अजून एक माणूस आलेला असतो, त्याला नाव पण असतं. दोन्ही चित्रं एका पाकिटात घालून वर्षाच्या शेवटापर्यंत ठेवून द्या. आणि मागे तारीख आपणच टाका, मुलं टाकत नाहीत, आणि आपल्याला पण नंतर कुठलं पहिलं ते अजिबात सांगता येत नाही.